हिरवा पक्ष आणि हिरवी ग्रामसभा
(वडसा-देसाईगंज येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



पर्यावरणाला वाहिलेला समर्थ राजकीय पक्ष आपल्या देशात का उभा राहिला नाही, असा प्रश्न तरुण मंडळी नेहमी विचारतात. वनांच्या सान्निध्यात वसलेल्या वडशात या प्रश्नाचा विचार करणे उचितच आहे.

जर्मनीत ‘ग्रीन’ पक्षाची स्थापना जानेवारी १९८० मध्ये झाली. अणुऊर्जाविरोधी आंदोलनातील कार्यकर्ते हा त्याचा कणा. १९८३ मध्ये अवघ्या ५.६ टक्के मतांवर त्याने संसदेत २७ जागा मिळविल्या, कारण तेथे पाच टक्क्यांचा टप्पा ओलांडणाऱ्या पक्षास मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. आपल्याकडे मतदारसंघात ज्याची मते सर्वाधिक, तोच विजयी. विखुरलेली पाच टक्के मते येथे व्यर्थ जातात. म्हणूनच आपल्याकडे हा विचार पक्षरूपाने नव्हे, तर लोकआंदोलनांतून प्रकटला. १९७३ चे ‘चिपको’ सर्वांना ठाऊक आहे. याच गडचिरोलीत ऐंशीच्या दशकात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ची हाक उठली. बाबा आमटे त्यात अग्रभागी होते. इचमपल्ली आणि भोपालपटनमची नियोजित धरणे उभी राहिली नाहीत.

पण सत्ता हाती आली म्हणजे सारे साधते काय? जर्मनीतील हा पक्ष १९९८ ते २००५ या काळात सत्तेत सहभागी होता. त्या काळात अणुऊर्जा टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा झाला आणि एप्रिल २०२३ मध्ये शेवटच्या अणुभट्ट्या थांबल्या. मात्र त्याच वर्षी जानेवारीत कोळशासाठी लुत्सेराथ हे खेडे रिकामे करण्यात आले, तेव्हा केंद्रात व त्या प्रांतात हाच पक्ष सत्तेचा वाटेकरी होता! कोळसा खाणींच्या चंद्रपूरला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता आपल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) पाहा. २००९ मध्ये या गोंड गावाला सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. तेथे निर्णय सर्वसहमतीने होतात, बहुमताने नव्हे. जंगल राखणारा आणि जंगलावर जगणारा एकच असल्याने तोडीची मर्यादाही तोच ठरवितो.

ऑक्टोबर २०२२ मध्ये वडशाच्या जंगलात ‘सीटी-१’ वाघ जेरबंद झाला. तेरा जणांचे बळी त्याच्या नावावर होते. वाघ वाचलाच पाहिजे. पण त्याची किंमत मोहफुले आणि तेंदूपाने वेचणाऱ्या कुटुंबांनीच का मोजावी? या प्रश्नाला बगल देणारा हिरवा विचार शहरी विरंगुळाच ठरेल.

म्हणून स्वतंत्र पक्षाची वाट पाहत बसू नका. मत मागावयास येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, विचारा : वनहक्काचे काय केले? वन्यप्राण्यांपासून आमचे रक्षण कसे करणार? खाणीपूर्वी ग्रामसभेची संमती घेणार काय? आणि ग्रामसभेच्या दिवशी स्वतः उपस्थित राहा. हिरव्या राजकारणाचा आरंभ तेथूनच होतो.