वाडा कुणाचा?



पनवेलच्या जुन्या वाड्याची घरपट्टी आजोबांच्या नावाने येते, म्हणून वाडा आजोबांचा, असं आपण धरून चालतो. पण पावती म्हणजे मालकी नव्हे. ती फक्त कर भरल्याची खूण. मालकी शोधायची, तर उलटं चालावं लागतं. आजच्या मिळकत पत्रिकेपासून एकेक फेरफार मागे. प्रत्येक नावापाशी थांबून विचारायचं, हे नाव लागलं कशाने? वारसाने, खरेदीने, की वाटणीने?

कुणी म्हणेल, पत्रिकेच्या उताऱ्यावर नाव आहे, आणखी काय हवं? खरंय. महसूल कायदा ती नोंद खरी मानतो. मात्र उलट सिद्ध होईपर्यंतच. कितीदा नाव एकट्या थोरल्या भावाचं असतं, आणि पुढे बारीक अक्षरात 'ए. कु. मॅ.'. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. ही तीन अक्षरं नजरेतून निसटतात, आणि भांडण तिथूनच सुरू होतं! तेव्हा पुन्हा सांगतो, पावती म्हणजे मालकी नव्हे, आणि एकटं नाव म्हणजे एकट्याचा हक्क नव्हे.

असं मागे जाताना पनवेलच्या जुन्या कागदावर जिल्हा कुलाबा दिसेल. त्याच जिल्ह्याचं रायगड हे नाव १९८१ मधलं. त्याहून जुन्या, मोडीतल्या कागदावर कदाचित जिल्हा ठाणे. परका समजून तो कागद बाजूला टाकू नका. मोडी वाचणाऱ्याला दाखवा.