शहराची वाढ आणि मनातील भय

नांदेडहून मुदखेडमार्गे लोहमार्गाने धर्माबादकडे जाऊ लागले की वाटेत उमरी हे स्टेशन लागते. गाव कापसाच्या पेठेचे. परंतु मराठवाड्याबाहेर त्याचे नाव जे पोचले ते कापसामुळे नव्हे, एका बँकेच्या लुटीमुळे. शहरातील गुन्हे आणि शहरवासीयांचे भय हा आजच्या भाषणाचा विषय असता आरंभ एका लहानशा पेठेपासून करण्याचे कारण असे की, गुन्हा कशास म्हणावयाचे आणि निर्धास्तपणा कशास, हे माणसाचे मन कसे ठरविते ते तेथे उघडउघड दिसते. मोठ्या शहराच्या गर्दीत ते झाकले जाते.

३० जानेवारी १९४८ हा तो दिवस. दिल्लीस महात्मा गांधींचा खून झाला तोच. त्या दिवशी हैदराबाद संस्थानात, उमरी येथील हैदराबाद स्टेट बँकेवर स्टेट काँग्रेसच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी छापा घातला व सुमारे वीस लाख रुपये हस्तगत केले. पाच किंवा अधिक माणसांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा, ही कायद्याची व्याख्या लावली तर हा दरोडाच होता, यात संशय घेण्याचे कारण नाही. असे असूनही या प्रकरणाची नोंद लोकांनी दरोड्यांच्या यादीत केली नाही. ती मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात केली. पैसा कोणाच्या घरी गेला नाही, तो चळवळीकडे गेला आणि त्याचा हिशेब राखला गेला, ही गोष्ट लोकांना पटलेली होती. येथे एक सावधगिरीही बाळगली पाहिजे. उदात्त हेतूचे नाव घेऊन तिजोरी फोडणारे जगात पुष्कळ झाले आहेत आणि त्या सर्वांनाच लोकांनी हार घातलेले नाहीत. लोक विचारतात ते एवढेच : कोणासाठी, आणि हिशेब कोठे आहे?

हा निवाडा लोकांनी सरकारविरुद्ध का दिला, हे समजण्यास त्या काळची परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत सरकार व निजाम यांच्यात जैसे थे करार झाला होता. पण खेड्यांतून सत्ता चालत होती ती रझाकारांची. त्यांचा पुढारी कासिम रझवी लातूरचा वकील. ज्याच्या घरावर हल्ला होई त्याने फिर्याद घेऊन जावयाचे कोठे? ठाण्यावर जावे तर ठाणे हल्लेखोरांच्या बाजूचे असल्याची धास्ती. म्हणून हजारो कुटुंबे ठाण्याकडे न जाता सरहद्द ओलांडून वऱ्हाडात व मुंबई इलाख्यात गेली. अशा दिवसांत ठाण्यातील गुन्ह्यांची वही कोरी राहिली असती तरी त्यावरून प्रजा सुखात आहे असे कोणी म्हटले नसते. कोरी वही आणि निर्भय वस्ती या दोन गोष्टी एक नव्हेत.

या कथेची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. ज्या आळ्यांची दारे वर्षभर लागलेली होती ती उघडली, आणि त्याच वेळी दुसऱ्या आळ्यांची दारे लागली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्या वर्षाच्या अखेरीस दौरा करून जो अहवाल दिला, त्यात निरनिराळ्या ठिकाणी मारल्या गेलेल्या लोकांचा, मुख्यतः मुसलमानांचा, अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा आहे. आणि सर्वांत अधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा व बिदर यांच्याबरोबर नांदेडचेही नाव आहे. आजच्या लातूर जिल्ह्याचा काही भाग तेव्हा उस्मानाबादेत मोडत असे. हा अहवाल कित्येक दशके प्रकाशित झाला नाही. एकाच गावात, एकाच दिवशी, एकास वाटते की आता रक्षणकर्ता आला आणि शेजाऱ्यास वाटते की आता रक्षणकर्ता उरला नाही. ‘आमचे गाव सुरक्षित आहे’ असे कोणी म्हटले की ‘आमचे’ म्हणजे कोणाचे, हे विचारण्याचा हक्क तेव्हापासून आपल्यास मिळाला आहे.

तो काळ अराजकाचा होता, शांततेच्या दिवसांत त्याचे काय, असे नागरिक म्हणतील. बरे, शांततेचे दिवस घेऊ. १९९७ साली नांदेडास महानगरपालिका आली. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती साडेपाच लाखांच्या घरात गेली. उमरी, भोकर, कंधार, मुखेड अशा तालुक्यांतून शिक्षणासाठी व पोटासाठी आलेली माणसे तीत आहेत. गावी स्टेशनावर उतरलेला नवखा मनुष्य पेठेत पोचण्यापूर्वीच त्याचे गाव, कूळ आणि काम सर्वांस कळलेले असे. शहरातील नव्या वसाहतीत चार वर्षे भिंतीला भिंत लागून राहिलेल्या शेजाऱ्याचे पहिले नाव ठाऊक नसते. तेव्हा दाराला दुसरी कडी, कडीला कुलूप आणि वर टेहळणीचा कॅमेरा. हा खर्च चोराच्या भयाने होतो असे म्हणतात. त्याचा बराच भाग अनोळखीच्या भयाने होतो.

आणि अनोळखी मनुष्यच घात करतो काय? पुण्याचे उदाहरण पाहावे. जानेवारी १९७६ पासून मार्च १९७७ पर्यंत त्या शहरात दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर खूनसत्र या नावाने ते प्रकरण महाराष्ट्रात सर्वांस परिचित आहे. आणीबाणीचे दिवस होते, वृत्तपत्रांवर निर्बंध होते, त्यामुळे अफवांस मोकळे रान मिळाले. दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडू लागले. दारावरची थाप ऐकून माणसे दचकू लागली. साऱ्या शहराची नजर बाहेरून आलेल्या, भटक्या, संशयित चेहऱ्याच्या मनुष्यास शोधीत होती. मार्च १९७७ मध्ये बंडगार्डनजवळ नदीत एक प्रेत सापडले, तपासाला धागा मिळाला आणि उघडकीस आले ते असे की, गुन्हेगार पुण्यातीलच एका कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते आणि त्यांचा पहिला बळी त्यांचाच सहाध्यायी होता. चौघांना नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यास फाशी झाली. शहराचे भय खोटे नव्हते. त्याचे तोंड मात्र चुकीच्या दिशेस होते.

हीच गोष्ट आज स्त्रियांच्या बाबतीत घडते. मुलीने सातच्या आत घरी यावे, शिकवणीस एकटीने जाऊ नये, नोकरी दूरची नको, असे सुशिक्षित घरांतूनही ठरते. कारण अंधाऱ्या रस्त्यावरचा परका पुरुष. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल चाळले तर बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत शंभरांपैकी नव्वदांहून अधिक आरोपी पीडितेच्या ओळखीचे असतात : नातलग, शेजारी, स्नेही, लग्नाचे वचन दिलेला तरुण. रस्त्यावर दिवे असावेत, गस्त असावी, याविषयी वाद नाही. पण घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींनी मुलीचे बाहेर जाणे आखडून ठेवावे आणि घरी नित्य येणाऱ्या माणसाविषयी ती काही सांगू लागली की तिला गप्प करावे, हा बंदोबस्त चोराच्या हाती किल्ल्या देण्यासारखा आहे.

भयाचे तोंड चुकीच्या दिशेस वळले की कधी कधी ते माणसेही खाते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी, आठवड्याच्या बाजारादिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील भिक्षेकऱ्यांस मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडले व पाच जणांस ठार केले. मुले पळविल्याची अफवा फोनवरून घरोघर गेली होती. हे खेडे होते हे खरे. परंतु ती अफवा पुढे पाठविणाऱ्यांत पांढरपेशांचे बोट नव्हते असे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकेल काय? इंग्रजांनी १८७१ साली कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला होता. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. शिक्का मनातून पुसण्याचे काम कोणत्याही कायद्याने होत नाही.

गुन्ह्यांचे आकडे वाढल्याची बातमी वाचून जे गृहस्थ घाबरतात त्यांच्यासाठी थोडी व्यवहाराची माहिती. फिर्याद टिपून घेण्याचे टाळणारे ठाणे आकडे कमी दाखविते. टिपून घेणारे जास्त. नोव्हेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी प्रकरणी असे ठरविले की, दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली असता फिर्याद नोंदविणे पोलिसांस बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे अशी फिर्याद, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यावर देता येते. नांदेडास शिकणाऱ्या मुलाचा ऐवज उमरीच्या गाडीत चोरीस गेला तर ‘आमची हद्द नव्हे’ हे उत्तर ऐकून त्याने परत फिरण्याचे कारण नाही. नोंदलेल्या फिर्यादीची प्रत फिर्याद देणाऱ्यास विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी, तीवरील क्रमांक व तारीख तेथेच तपासून पाहावी, आणि मजकुरात काही सुटले असेल तर सही करण्यापूर्वीच सांगावे.