डासांचे औषध आणि खाडीचे पाणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



डास वाढले की आपण लगेच म्हणतो, "औषध मारून घ्या!" औषधाचे उपकार मी नाकारीत नाही. 1953 साली आपल्या देशात मलेरियाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, घराघरांच्या भिंतींवर डी.डी.टी. मारले गेले आणि कितीतरी संसार वाचले. पण भिंतीवर मारलेले औषध निराळे आणि पाण्यावर मारलेले निराळे. ते कसे, हे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटाच्या हकिकतीवरून सांगते.

या बेटाच्या किनाऱ्याला खाऱ्या पाण्याच्या दलदली आहेत. तेथील सफोक परगण्यात डासांसाठी वर्षानुवर्षे डी.डी.टी. फवारले जात होते. हे औषध पाण्यात फारसे विरघळत नाही. प्राण्यांच्या चरबीत मात्र साठून राहते. लहान जीवाला मासा खातो, माशाला पक्षी खातो आणि दर पायरीला विष वाढत जाते. 1967 साली शास्त्रज्ञांनी आपली मोजणी प्रसिद्ध केली. पाण्यातील सूक्ष्म जीवांत दहा लाख भागांमागे 0.04 भाग विष होते, तर किनाऱ्यावरच्या कुरव पक्ष्यात ते 75 भागांपर्यंत पोहोचले होते! मासे धरून खाणाऱ्या ऑस्प्रे पक्ष्याच्या अंड्यांची कवचे तर इतकी पातळ झाली, की ऊब द्यायला बसलेल्या आईच्याच भाराने ती फुटू लागली. भगिनींनो, याहून मोठे दुःख कोणते?

1966 साली कॅरोल यानाकोन या बाईंनी डासनिर्मूलनाच्या सरकारी मंडळावर दावा लावला. त्यांचे पती व्हिक्टर हेच त्यांचे वकील. कोर्टाने फवारणीला तात्पुरती मनाई केली. पण कायमची बंदी घालणे हे विधिमंडळाचे काम आहे, असे अखेरीस सांगितले. तरी एका बाईने विचारलेला प्रश्न वाया गेला नाही. परगण्यात डी.डी.टी. थांबले, 1972 साली अमेरिकेने त्याच्या बहुतेक वापरावर बंदी घातली आणि पुढे ऑस्प्रेची घरटी पुन्हा भरू लागली. समोरच्या किनाऱ्यावरील कनेक्टिकट राज्याने तर 2013 साली, शेवंडांच्या काळजीने, किनारपट्टीत आणखी दोन डासनाशकांवर निर्बंध घातले.

रोगाची साथ आली तर औषध वापरावेच लागेल. माणसाचा जीव मोलाचा आहे. पण पहिला उपाय तो नव्हे. आठवड्यातून एक दिवस पिंपे, हंडे, कुंड्यांखालच्या बशा कोरड्या करा. टाक्यांना घट्ट झाकणे लावा. घरच्या हौदात गप्पी मासे सोडा. आणि फवारणीवाला दारी आला तर त्याला दोन प्रश्न जरूर विचारा: औषध कोणते, आणि ते वाहून कोठे जाणार?

आपल्या मोरीतले पाणी नाल्याला जाते, नाला खाडीला मिळतो, आणि खाडीतला बोय पुन्हा आपल्याच ताटात येतो. म्हणून डासांशी लढाई आपल्या अंगणातच जिंकू या; ती खाडीपर्यंत नेण्याची वेळ येऊ नये.