शोनाऊचा कौल

जर्मनीच्या नैर्ऋत्येस, ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरांत, शोनाऊ हें सुमारें अडीच हजार वस्तीचें लहानसें नगर आहे. १९८६ सालीं चेर्नोबिल येथें अणुवीजकेंद्रांत स्फोट झाला व त्याची विषारी धूळ जर्मनीपर्यंत पोहोंचली. मुलांच्या काळजीनें शोनाऊचे आईबाप एकत्र आले. वीज काटकसरीनें वापरावी व ती अणुशक्तीवांचून मिळावी, एवढीच त्यांची मागणी होती. वीजकंपनीनें ती मानली नाहीं. तेव्हां नगरांतील तारा आपणच विकत घ्याव्या, असें त्यांनीं ठरविलें.

१९९१ सालीं नगरसभेनें कंपनीच्या बाजूनें निर्णय दिला. नागरिकांनीं सार्वमत मागितलें व जिंकलें. १९९५ सालीं नगरसभा नागरिकांकडे वळली, तों विरोधकांनीं सार्वमत मागितलें. त्यांतहि नागरिकांची सरशी झाली, परंतु शेंकडा बावन्नच्या आसपास मतांनीं. कंपनीनें तारांचें मोल ८७ लक्ष मार्क सांगितलें होतें. देशभरांतून देणग्या आल्या, अखेर कमी रकमेंत सौदा झाला, आणि १ जुलै १९९७ रोजीं तारा नागरिकांच्या हातीं आल्या.

श्रोतेहो, खरी कसोटी येथूनच सुरू झाली. हौशी माणसांस हें काम झेपेल काय, ही विरोधकांची शंका अनाठायीं नव्हती. आतां त्यांच्याहि घरीं दिवा लावणें हें विजेत्यांचें कर्तव्य झालें. बहुमतानें अधिकार मिळतो. उरलेल्या अठ्ठेचाळिसांचा विश्वास मात्र रोजच्या चोख कामानेंच मिळवावा लागतो.