पिलाला अंगण केव्हा मोकळे करावे?



भाताची कापणी उरकून थंडी पडू लागली, की पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांतील गावांत एक प्रसंग हमखास घडतो. कोणाच्या तरी गोठ्यात, लाकडांच्या राशीआड किंवा मागीलदारच्या खोपीत गावातली एखादी कुत्री विते. पंधरवड्यात मुलांना त्याचा सुगावा लागतो, महिन्याभरात प्रत्येक पिलाचे नामकरण होते, आणि दोन महिने भरतात न भरतात तोच ती पिले निरनिराळ्या घरी जातात. त्यांच्या दुधाभाताची चिंता कोणाला फारशी पडत नाही. अडचण येते ती मोकळिकीची. पिलाला बांधावे की सोडावे? खोलीत ठेवावे की अंगणात? फाटकाबाहेर कधी न्यावे? आज मला याच प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे, कारण तो वाटतो तितका क्षुल्लक नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या गोठ्यात कार्तिक महिन्यात अशीच चार पिले झाली. त्यांतले एक पेडण्याच्या बाजूला एका घरी गेले, दुसरे डिचोलीच्या बाजारपेठेजवळच्या घरी. पेडण्याच्या घरातील मंडळी फार जपणारी. हमरस्ता जवळ, वाहने वेगाने येणारी, कुळागराच्या अंगाला बिबट्याचे भय. म्हणून त्यांनी पिलाला मागीलदारी दोरीने बांधले, आणि जेवण वेळच्या वेळी देत राहिले. डिचोलीच्या घरची माणसे मोकळ्या मनाची. त्यांनी पहिल्याच दिवशी पिलाला रस्त्यावर हिंडू दिले; गावचे सुणे गावातच वाढते, असे त्यांचे म्हणणे. पंधरा दिवसांच्या आत त्या पिलाला ओकाऱ्या आणि रक्ताची हगवण लागली, आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. पेडण्याचे पिलू जगले. पण फाल्गुनात शिगम्याचे ढोल दारात आले तेव्हा ते दोरी तोडून लाकडांच्या ढिगात शिरले, आणि त्याला काढावयास गेलेल्या घरच्याच मुलाच्या हाताला कडकडून चावले. मुलाला इंजेक्शने घ्यावी लागली. पिलाच्या गळ्यात दोरीऐवजी साखळी आली, आणि ती पुढे कधी निघाली नाही.

श्रोतेहो, या दोन्ही घरांत माया कमी नव्हती. चूक मायेची नव्हे, हिशेबाची होती. आपण 'मोकळीक' हा एकच शब्द वापरतो. वस्तुतः पिलाच्या बाबतीत मोकळिकी तीन आहेत, आणि तिन्हींची वेळ वेगवेगळी आहे. पहिली घराची, दुसरी मातीची, आणि तिसरी जगाची. म्हणजे माणसांची, आवाजांची, नव्या वस्तूंची. पेडण्याच्या घराने रोगराईच्या आणि अपघाताच्या भीतीने तिन्ही दारे बंद केली. डिचोलीच्या घराने तिन्ही एकदम उघडली. ती एकेक करून कशी उघडावीत, ते आता पाहू.

आरंभ पिलाच्या शरीरापासून करावा. जन्मतः पिलाचे डोळे आणि कान दोन्ही मिटलेले असतात. पहिले दोन आठवडे त्याला अंगातली ऊबसुद्धा स्वतःची राखता येत नाही. डोळे साधारण 10 ते 14 दिवसांत उघडतात, कान तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास. आणि त्याच आठवड्यात ते धडपडत चार पावले टाकू लागते. तोवर त्याला एक कोरडी टोपली, एक जुने गोणपाट आणि आई एवढेच विश्व पुरे. मुलांनी कौतुकाने त्याला अंगणात आणून ठेवणे या वयात बरे नव्हे. परंतु तिसऱ्या आठवड्यानंतर पिलू आपण होऊन झोपण्याच्या जागेपासून दूर जाऊन लघवी करू लागते. जागा वाढविण्याची ही निसर्गाने दिलेली पहिली सूचना समजावी. टोपलीची एक बाजू खाली करून तिच्यासमोर चार हात जागा आडोसा लावून मोकळी करावी. निजण्याचे ठिकाण एक आणि घाण करण्याचे दुसरे, हा धडा पिलू येथेच शिकते. अरुंद खोक्यात कोंडलेल्या पिलाला तो मिळत नाही, आणि पुढे घर घाण करते म्हणून मार मात्र मिळतो.

चौथ्या आठवड्यापासून आठव्यापर्यंतचा काळ भावंडांच्या खेळाचा. एकमेकांचे कान ओढताना जास्त जोराने चावले तर दुसरे किंचाळते आणि खेळ मोडतो. यातून दातांचा जोर आवरण्याचे शिक्षण होते. म्हणून 8 आठवडे पुरे होण्यापूर्वी पिलू आईपासून तोडू नये. चौथ्या आठवड्यातच पिलू उचलून आणणाऱ्यांना पुढे त्याच्या चावरेपणाचे नवल वाटते. पण शाळेतून मूल मधेच काढल्यावर त्याला अक्षरे येत नाहीत, याचे नवल कसले?

आता घराची मोकळीक. नव्या घरी आलेल्या पिलाला आपल्याकडील सोपा, राजांगण, माजघर, पडवी असे ऐसपैस घर पहिल्याच दिवशी देणे म्हणजे त्याला गोंधळात टाकणे होय. सुरुवातीस माणसांची ये-जा असलेला एकच कोपरा द्यावा, आणि जमिनीवर बसून पिलाच्या उंचीवरून त्या कोपऱ्याकडे पाहावे. विजेची लोंबणारी तार, उंदरांचे औषध, वाळत घातलेल्या मिरच्या, हे सारे तेव्हाच नजरेस येते. आपल्या भागात आणखी दोन गोष्टी सांभाळावयाच्या. पूजेच्या फुलांसाठी अंगणात लावलेली कण्हेर विषारी असते. पिलाने तिची पाने चघळता कामा नयेत. आणि काजूच्या हंगामात बिया उघड्यावर पसरलेल्या असतात; त्यांच्या टरफलातील चिकाने माणसाची कातडी भाजते, तेथे पिलाच्या कोवळ्या तोंडाचे काय होईल ते सांगावयास नको.

हा कोपरा कधी वाढवावा? येथे पिलाच्या वयापेक्षा त्याच्या सवयी पाहाव्यात. सलग आठवडाभर त्या जागेत त्याने घाण केली नाही, वस्तूंची नासधूस केली नाही, आणि नावाने हाक मारताच ते खेळ टाकून आपल्याकडे आले, तर एक खोली वाढवावी. बिघडले तर न रागावता पुन्हा एक पाऊल मागे यावे. दोन महिन्यांच्या पिलाला फार तर दोन-तीन तास लघवी आवरते. म्हणून निजून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर त्याला ठरलेल्या जागी नेणे हे आपले काम आहे, त्याचे नव्हे. दुसरे असे की, या वयाची पिले दिवसाचे अठरा-वीस तास झोपतात. फार जागा आणि फार गडबड दिली तर ती दमतात, चिडतात, आणि आपण त्यास खोडकरपणा म्हणतो. अंगण मोकळे करण्यापूर्वी मात्र विहिरीचा कठडा आणि फाटकाखालची फट एकदा हाताने तपासावी.

दुसरी मोकळीक मातीची. हिचे दार लसीने उघडते. डिचोलीच्या पिलाला झालेल्या रोगाची लक्षणे पार्व्होची होती. हा विषाणू 1978 च्या सुमारास जगभर पसरला. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून तो मातीत पडतो आणि महिनोन्‌महिने तेथे टिकून राहतो. आईच्या पहिल्या चिकाबरोबर पिलाला काही दिवसांचे संरक्षण मिळते. परंतु तेच संरक्षण सुरुवातीच्या लसीलाही नीट काम करू देत नाही, आणि ते कोणत्या आठवड्यात ओसरेल हे प्रत्येक पिलाचे निराळे. म्हणूनच लस एकदा टोचून भागत नाही. सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिली, आणि नंतर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने 16 आठवड्यांपर्यंत पुढच्या, असा क्रम असतो. तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस. जंतांचे औषध तर दुसऱ्या आठवड्यापासूनच सुरू करावयाचे. आपल्या दमट मातीत अंकुशकृमी पुष्कळ. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन हे वेळापत्रक लिहून घ्यावे. ते पुरे होईपर्यंत बाजाराची, बसथांब्याची, अनोळखी कुत्री फिरतात तेथली जमीन पिलाच्या पायांना लागू देऊ नये. स्वतःचे अंगण, जेथे आजारी कुत्रे येऊन गेलेले नाही, ते आपल्या देखरेखीखाली चालेल.

येथपर्यंत सावध माणसाला सारे पटते. परंतु मग तो म्हणतो, "ठीक आहे, चार महिने होईपर्यंत याला बाहेरच काढणार नाही." पेडण्याच्या घराचे चुकले ते येथेच, कारण तिसरी मोकळीक, जगाची, लसीसाठी थांबत नाही.

अमेरिकेत मेन राज्यातील बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे कुत्र्यांच्या पिलांचा अभ्यास केला आणि 1965 साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. तेथेच झालेल्या आणि 1961 साली जाहीर झालेल्या एका प्रयोगात काही पिले उंच कुंपणाच्या शेतात, माणसाचा सहवास न देता वाढविली. त्यांतील काहींना दुसऱ्या, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात एकेक आठवडा माणसांत आणले. जी पिले चौदाव्या आठवड्यापर्यंत माणसापासून दूर राहिली, ती रानटी जनावरांसारखी बुजरी निघाली, आणि पुढे प्रयत्न करूनही पुरती माणसाळली नाहीत. तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिलाच्या मनाचे दार सताड उघडे असते. त्या अवधीत जे जे प्रेमाने भेटते ते आपले. नंतर जे भेटते त्याचा आधी संशय. हे दार हळूहळू लोटले जाते, आणि लसीचा क्रम संपेपर्यंत बहुतांशी मिटलेले असते.

मग तोड काय? तोड सोपी आहे: पाय जमिनीला नकोत, पण डोळे-कान जगात हवेत. पिलाला कडेवर घ्या आणि फाटकाशी उभे राहा. सकाळी पदेराच्या सायकलीचा भोंगा ऐकू द्या, मासळीवालीची हाक ऐकू द्या, एसटी-कदंब जाताना दिसू द्या. म्हाताऱ्या आजोबांची काठी, पावसातली छत्री, शाळेतून येणारा मुलांचा घोळका, हे सारे त्याच्यासाठी प्रथमदर्शनच असते. घुमट आरतीचा आवाज आधी दुरून, मग एक घर जवळून. त्याच वेळी तोंडात काही गोड घास द्यावा. पिलू कान टवकारून पाहत असेल, घास खात असेल, तर आणखी चार पावले पुढे जावे. शेपूट पोटाखाली घालून अंग चोरत असेल, घास नाकारत असेल, तर निमूटपणे मागे फिरावे. किती जागा द्यावी याचे उत्तर ते पिलूच देत असते. आपण पाहावयास शिकले पाहिजे. रोज दहा मिनिटे एवढाच याचा खर्च. नरकासुराच्या रात्रीचे फटाके मात्र अपवाद. त्या रात्री पिलाला आतल्या खोलीत, माणसाच्या सोबतीत ठेवावे. धीट करण्याच्या नावाखाली गोंगाटात ढकललेले पिलू धीट होत नाही. ते फक्त निसटण्याची वाट पाहते.

या साऱ्याचा संबंध केवळ पिलाच्या सुखाशी नाही. गोव्यात 2014 सालापासून रेबीजविरोधी लसीकरणाची मोठी मोहीम गावोगाव राबविली गेली, आणि 2021 साली गोवा हे रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झालेले देशातील पहिले राज्य ठरले. ही आपल्या अभिमानाची गोष्ट. परंतु पेडणे काय, डिचोली काय, दोन्ही तालुके शेजारच्या सिंधुदुर्गाला लागून आहेत, आणि तालुक्याची हद्द कुत्र्यांना ठाऊक नसते. पिलू लहान म्हणून त्याचा दात निर्धोक, ही समजूत प्राणघातक ठरू शकते. चावा अथवा ओरखडा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हळद-चुना लावून बसू नये. आणि चावा बसूच नये म्हणून पिलाला वेळीच जगाची ओळख करून द्यावी. चावणारी कुत्री पुष्कळदा क्रूर नसतात. ती भ्यालेली असतात.

आणखी एक सूचना करून आटोपते घेतो. सहा-सात महिन्यांचे झाले, की हाकेला धावत येणारे तेच पिलू एकाएकी न ऐकणारे होते. वास काढीत फाटकाबाहेर लांब जाते. तेव्हा "आता मोठे झाले" म्हणून सोडून न देता थोडे दिवस पुन्हा दोरीवर फिरवावे, आणि निर्बीजीकरणाविषयी पशुवैद्यांना विचारावे. आणि कुळागराच्या, रानाच्या कडेला राहणाऱ्यांनी कुत्रे लहान असो वा मोठे, रात्री आत घ्यावे. दिवसाची मोकळीक हवी. रात्रीची बिबट्याला सोडावी.

त्या चारांपैकी एक पिलू आमच्या घरी राहिले होते. आम्ही फार शहाणे होतो असे नाही. घरात एक म्हातारी आत्या होती, आणि पिलाला पदरात घेऊन सकाळ-संध्याकाळ दारात बसण्याची तिला सवय होती. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला ती थांबवून त्याची ओळख करून देई. आम्ही हसत असू. शिगम्याचे ढोल आमच्याही दारात आले. ते पिलू उठले, उंबऱ्यापर्यंत गेले, थोडा वेळ पाहत राहिले, आणि परत येऊन आत्याच्या पायाशी निजले.