होडीची मंद चाल



या व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा मी कळवले, 'मासेमारीच्या लहान होडीची चाल मंद कशी करावी?' त्यांचे उत्तर यायला चार दिवस लागले. त्यात त्यांचा दोष नाही. आपल्या चाळीसगावापासून समुद्र दोनशे किलोमीटरांहून दूर. गावातल्या तितूर आणि डोंगरी या नद्यांत ऐन वैशाखात होडी सोडायची म्हणजे ती डोक्यावर घेऊनच चालावे लागेल. तरीही मी विषय बदलला नाही. कारण या प्रश्नाचे अर्धे उत्तर तुमच्या शेतात आहे आणि उरलेले अर्धे तुमच्या डोंगरात.

आधी शेतातले घेऊ. पेरणीच्या वेळी तिफणीला कसे बैल जुंपतात? धावणारे नव्हेत, एका चालीने चालणारे. बैल दहा पावले झपाझप गेले आणि दहा पावले रेंगाळले, तर चाड्यावरची मूठ कितीही सराईत असो, बी कुठे विरळ तर कुठे दाट पडते. समुद्रात गळाने सुरमई धरणाऱ्याची अडचण हीच आहे. तो होडीच्या मागे लांब दोर सोडतो. दोराच्या टोकाला तार, कारण सुरमईचे दात दोर कापतात. तारेला गळ आणि गळाला बांगडा किंवा तारली. होडी चालली की तो मेलेला मासा पाण्यात जिवंत असल्यासारखा पोहतो. होडी फार जोरात गेली तर तो गरगर फिरतो, दोराला पीळ पडतो, आमिष फाटते. थांबली तर आमिष बुडते. चमकता पत्रा लावला असेल तर चार ते सहा नॉटही चालतात. पण खऱ्या मासळीचे आमिष असेल तर दोन नॉटच्या आसपासची चाल हवी. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. म्हणजे आपण फिरायला निघतो त्याहूनही मंद.

इथे एक खुलासा करतो. इंग्रजीत मासेमारीचे दोन शब्द आहेत, ट्रोलिंग आणि ट्रॉलिंग. ऐकायला जुळे भाऊ, वागणुकीत वैरी. ट्रॉलिंग म्हणजे तळाशी जाळे ओढत नेणे. त्यात मोठे-लहान, हवे-नको ते सारेच येते. ट्रोलिंग म्हणजे एकेका गळाने एकेक मासा धरणे. मी बोलतो आहे ते या दुसऱ्याबद्दल.

शिडाच्या आणि वल्ह्यांच्या काळात मंद चालीचा प्रश्नच नव्हता. शीड थोडे उतरवले, वल्ह्याचा हात सैल सोडला, की झाले. प्रश्न आणला तो इंजिनाने. इंजिनाला सर्वांत कमी असा एक वेग असतो. त्याखाली ते बंद पडते. हिशेब करून पाहू. समजा, इंजिन मंदात मंद मिनिटाला ८०० फेरे घेते. गिअरमुळे पंख्याला त्यांतले निम्मे, म्हणजे ४०० फेरे मिळतात. पंख्याचा आटा १२ इंचांचा, म्हणजे एका फेऱ्यात तो कागदावर एक फूट पुढे सरकतो. मिनिटाला ४०० फूट झाले, म्हणजे जवळजवळ चार नॉट. पाणी हे काही लाकूड नव्हे. पंखा घसरतो, म्हणून पाव हिस्सा वजा करा. उरले तीन. आपल्याला हवे दोन. या एका नॉटसाठी कोळी माणूस दिवसभर झगडतो.

माझे मामा हर्णैचे. त्यांच्या होडीवरचा तांडेल एक साधा उपाय करी : गिअर टाकायचा, दहा-वीस आकडे मोजायचे, गिअर काढायचा, पुन्हा दहा-वीस मोजायचे. मी तेव्हा शाळकरी, नुकताच सरासरी शिकलेला. मी हिशेब करून म्हटले, "मामा, सरासरी बरोबर दोन नॉट येते." मामा म्हणाले, "बाळा, ती सरासरी माशाला कोण सांगणार?"

हे वाक्य मला पुढे याच तालुक्यात पुन्हा भेटले. येथून जवळ पाटणादेवीला तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. त्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, 'सिद्धान्तशिरोमणि' पुरा केला. ग्रहाची दिवसभराची गती वेगळी आणि एखाद्या क्षणाची वेगळी, हे त्यांनी ओळखले आणि त्या क्षणाच्या गतीला 'तात्कालिकी' म्हटले. मामांनी भास्कराचार्य वाचले नव्हते. पण मासा सरासरीवर तोंड टाकत नाही, तात्कालिक गतीवर टाकतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

तेव्हा नुसती मंद नव्हे, तर एकसारखी मंद चाल हवी. तिचे उपाय कोणते?

पहिला उपाय फुकटचा : वाऱ्याच्या समोर होडी धरावी. मात्र मासा त्या दिशेला असावा लागतो. दुसरा, कमी आट्याचा पंखा बसवणे. त्याने काम होते, पण मासळी घेऊन घरी परतताना जोर मिळत नाही आणि बाजार हुकतो. तिसरा, पंख्यामागे बिजागरीची फळी लावून पाण्याचा झोत मोडणे. हा चांगला, पण वेग वाढवण्याआधी फळी उचलायला विसरलात तर ती तुटलीच.

चौथा उपाय तुमच्या डोंगरातला. औट्रम घाट बैलगाडीने उतरताना गाडी बैलांच्या अंगावर येऊ नये म्हणून गाडीवान मागे ओंडका बांधून तो फरफटत नेत. होडीचा ओंडका म्हणजे पाण्यात सोडलेली बादली किंवा कॅनव्हासची नरसाळ्यासारखी पिशवी. तिची खुबी अशी की पाण्याची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. तीस सेंटिमीटर तोंडाची बादली दोन नॉटला चार-पाच किलोची ओढ देते, तर चार नॉटला अठरा-एकोणीस किलोची. म्हणजे लाटेच्या उतारावर होडी धावू लागली की पिशवी आपोआप घट्ट धरते आणि चढावर सैल सोडते. वर इंजिनालाही थोडे ओझे मिळते. ओझ्यावाचून तासन्‌तास मंद चालवलेल्या डिझेल इंजिनात तेल पुरते जळत नाही, काजळी धरते. डिझेल थोडे जास्त लागते, हे मात्र कबूल केले पाहिजे.

पण ही बादली जीवही घेऊ शकते. एकदा आमच्या तांडेलाने ती पिछाडीला लांब दोराने बांधली होती. मोठी सुरमई लागली. दोर सैल पडावा म्हणून त्याने इंजिन उलटे फिरवले आणि बादलीचा दोर पंख्यात गेला. इंजिन बंद. होडी लाटांना आडवी झाली आणि प्रत्येक लाट थोडे पाणी आत टाकू लागली. मामा कोयता घेऊन पाण्यात उतरले. मी डब्याने पाणी उपसत होतो. किती वेळ गेला हे मला आजही सांगता येणार नाही. तिथे माझी सरासरी संपली होती. दोर कापून मामा वर आले तेव्हा त्यांच्या दंडावरून रक्त वाहत होते आणि सुरमई केव्हाच गेली होती.

त्या दिवसापासून आमच्या होडीवर चार नियम झाले. पिशव्या दोन, दोन्ही बाजूंना सारख्या. बांधायच्या त्या पुढच्या अंगाला, आणि दोर इतका आखूड की पंख्यापर्यंत पोचता कामा नये. होडी मागे घेण्याआधी पिशवी वर. त्यासाठी तिच्या शेपटाला वेगळी दोरी, म्हणजे ती उलटी होऊन रिकामी येते. आणि सुरी हाताशी. पिछाडी बुटकी असेल आणि लाट मागून येत असेल, तर पिशवी सोडूच नये. अशा वेळी पिछाडी उचलायला मोकळी हवी.

आता कोणी विचारील, एवढा खटाटोप कशाला? मोठे जाळे टाकावे आणि मोकळे व्हावे. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. तिच्याहून लहान मासा पकडू नये असा नियम केला. असा नियम का करावा लागला, हे सांगायला नको. गळाचा माणूस लहान मासा हाती आला तर तो जिवंत असतानाच परत सोडू शकतो. जाळ्यात चेंगरलेल्या पिल्लाला परत सोडून काय उपयोग? मंद चालणाऱ्या होडीला निवड करायला वेळ मिळतो.

जोर वाढवण्याची यंत्रे पुष्कळ निघाली. हातात आलेला जोर कमी करून एकसारखा कसा धरावा, हे मात्र अजून तिफणीमागच्या शेतकऱ्याला आणि होडीतल्या कोळ्याला हातानेच साधावे लागते. खानदेशात आणि कोकणात तेवढे एक नाते आहे, हे सांगायला मी आलो होतो.