साथीचे मूळ आणि नोंदवहीचे मोल
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत नंदनवन, नागपूर येथे केलेले भाषण)



कोविडच्या साथीत ज्या कुटुंबांनी आपली माणसे गमावली, ती आजही आम्हांस विचारतात, "डॉक्टरसाहेब, हा रोग प्रयोगशाळेतून सुटला, हे खरे का?" हा प्रश्न हसण्यावारी नेणे आम्हांस उचित वाटत नाही. २००४ साली बीजिंगमधील प्रयोगशाळेत सार्सच्या विषाणूची बाधा होऊन तो बाहेर पसरला आणि एका बाधित संशोधिकेच्या आईचा त्यात मृत्यू झाला. असे घडू शकते, हे मान्यच केले पाहिजे.

कोविडसंबंधी ही शंका अभ्यासपूर्वक मांडणाऱ्यांत पुण्याचे शास्त्रज्ञ दांपत्य डॉ. मोनाली रहाळकर व डॉ. राहुल बाहुलीकर हे होते. चीनमधील मोजियांग येथील खाणीत वटवाघळांची विष्ठा साफ करणारे सहा कामगार २०१२ साली न्यूमोनियाने आजारी पडले व त्यांतील तिघे दगावले. त्याच खाणीतून वूहानच्या संस्थेने कोविडच्या विषाणूशी सुमारे ९६ टक्के जुळणारा विषाणू मिळविला होता. या दोन घटनांचा संबंध तपासावा, असे या दांपत्याने २०२० साली लिहिले. त्याच वर्षी वूहानच्या संशोधकांना आपल्या मूळ लेखास पुरवणी जोडून खाणीचा खुलासा करावा लागला.

तथापि उरलेले चार टक्के अंतर फार मोठे आहे; निसर्गात ते पडण्यास अनेक दशके लागतात. शिवाय आरंभीचे बरेच रुग्ण वूहानच्या हुआनान बाजाराच्या परिसरातील होते आणि तेथील नमुन्यांत वन्य प्राण्यांचे जनुकीय अंश आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने जून २०२५ मध्ये उपलब्ध पुराव्यांचा कल प्राण्यांकडून झालेल्या संसर्गाकडे असल्याचे सांगितले. परंतु चीनने मागितलेली माहिती न दिल्यामुळे प्रयोगशाळेची शक्यता निकालात काढता येत नाही, असेही नमूद केले.

अशा वेळी निवाड्याची घाई किती महाग पडते, हे मुंबईने पूर्वीच अनुभवले आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. लस परळच्या प्रयोगशाळेत तयार झाली होती, म्हणून चौकशीत दोष तिच्यावर व वाल्डेमार हाफकिन यांच्यावर ठेवण्यात आला. वास्तविक बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. हाफकिन यांच्यावरील ठपका १९०७ साली दूर झाला. पुढे १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेला त्यांचेच नाव देण्यात आले. चिमटा पडल्याची ती बारीकशी गोष्ट नोंदली गेली होती, म्हणूनच न्याय होऊ शकला.

मित्रहो, प्राण्यांपासून माणसांत येणाऱ्या रोगांच्या अभ्यासासाठी राष्ट्रीय 'वन हेल्थ' संस्थेची कोनशिला ११ डिसेंबर २०२२ रोजी आपल्याच नागपुरात बसली. त्यामुळे हा विषय आता आपल्या दाराशी आला आहे. असे संशोधन थांबवावे, असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या अभावी पुढील साथ आपणांस पुन्हा बेसावध गाठील. मात्र नोंदवह्या खुल्या असाव्यात आणि चूक सांगणाऱ्यास अभय असावे, एवढी अपेक्षा नागरिकांनी जरूर बाळगावी.

हाच नियम आम्ही स्वतःलाही लागू केला आहे. आपल्या पॅथॉलॉजी विभागात एका मदतनिसाने सुई टोचल्याची गोष्ट नोकरीच्या भीतीने दोन दिवस दडविली होती. सुदैवाने अनर्थ टळला. तेव्हापासून अशी घटना त्याच दिवशी नोंदविणाऱ्यावर कारवाई होत नाही, आणि ती नोंदवही विश्वस्तांपुढे ठेवली जाते. नोंदी वाढल्या, हे पाहून कोणी चिंतित होऊ नये. पूर्वी जे लपत होते, ते आता दिसू लागले आहे.

ज्यांची माणसे गेली, त्यांना कोविडच्या उगमाचे निश्चित उत्तर आज आम्ही देऊ शकत नाही. परंतु आपल्या रुग्णालयात काही घडले आणि कोणी विचारले, तर नोंदवही उघडून दाखवू, एवढे वचन आम्ही या सभेत देतो.